कोठ्याचं सागवान, जागलीचा मचाण आणि धुऱ्यापलीकडची जमीन

मेसमध्ये तुरीचं वरण पातळ झालं की आपण सगळे एकमुखाने कॉन्ट्रॅक्टरला नावं ठेवतो. पण तीच तूर शेंगेत भरत असताना कुणीतरी दोन-तीन महिने रात्र रात्र जागून राखलेली असते, हे वाटी पुढे करताना आपल्या डोक्यात येत नाही. आमच्याकडे या कामाला जागल म्हणतात. संध्याकाळी जेवण झालं की बॅटरी, घोंगडी आणि एखादं रिकामं पत्र्याचं पिंप घेऊन माणूस शेतात जातो, मचाणावर बसतो आणि रोही किंवा रानडुकराची चाहूल लागली की पिंप बडवतो. सकाळी तोच माणूस डवरणीला किंवा फवारणीला उभा असतो.

आमचं गाव तळेगाव. तळेगाव म्हटलं की कुणी दाभाडे म्हणतं, कुणी दशासर. आमचं तळेगाव श्यामजी पंतांचं. वर्धा जिल्हा, आष्टी तालुका, नागपूर-अमरावती महामार्गावरचं. एका बाजूला संत्र्याचे बगीचे, दुसऱ्या बाजूला पराटी, सोयाबीन, तूर, चना. आणि यांच्या मधेमधे झुडपी जंगल. मी सिव्हिलचा विद्यार्थी आहे. जागलीचा मचाण हे माझ्या विषयात बसणारं काम आहे. म्हणून या लेखात दोन गोष्टी मांडतो. एक, पडलेल्या कोठ्याच्या लाकडातून भक्कम मचाण कसा करायचा. दुसरी, मचाणावर बसायची वेळच कमी यावी म्हणून धुऱ्यापलीकडच्या जमिनीचं काय करता येईल.

शिकारीची जमीन कुठे गेली?

अमेरिकेत स्वतःच्या मालकीची शिकारीची जमीन ठेवणारे लोक पुष्कळ आहेत. हरीण यावं म्हणून ते तिथे क्लोव्हरसारखा चारा पेरतात, पाणवठा करतात, आणि जुनी लाकडी कोठारं मोडून त्या फळ्यांचे मचाण बांधतात. तिथे 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या अधिवासावर खर्च होतो. म्हणजे शिकारीच जमीन सुधारायचा पैसा देतो.

आपल्याकडेही एकेकाळी वनखातं परवाने देऊन शूटिंग ब्लॉक वाटत असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर तर हौसेच्या शिकारीचं दारच बंद झालं. ते बरंच झालं. पण त्या जमिनीकडे बघणारा कुणी राहिला नाही. वाघाच्या जंगलाला अभयारण्य मिळालं. आमच्या जिल्ह्यातलं बोर 1970 साली अभयारण्य आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालं. पण शेतालगतची झुडपं, नाल्याकाठचे पट्टे, गावाचं चराऊ रान हे कुणाच्याच यादीत ठळक नव्हतं. आज रोही आणि डुकरं दिवसा दडतात ती याच जागी.

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) या जमिनीला महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणतात. ही जमीन वन आहे की नाही यावर कित्येक वर्षे वाद चालला. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच समजावी असा निर्णय दिला. तेव्हा धुऱ्यापलीकडे झुडपी असेल तर तिथे जेसीबी घालून चालणार नाही. जे काही करायचं ते वनखातं आणि ग्रामपंचायत यांना सोबत घेऊनच.

कोठे का ओस पडले?

आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा गवळाऊ गाईचा मूळ मुलूख. पांढरी, काटक, चालायला चपळ जात. नंदगवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्रही आहे. घरोघरी ढोरं होती तेव्हा घराइतकंच लक्ष कोठ्याकडे असायचं. सागाचे खांब, सागाचे मयाल, वर बांबू आणि कवेलू. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या विकल्या गेल्या, गुराखी मिळेना, आणि कोठा आधी अडगळीची खोली झाला आणि मग एखाद्या पावसाळ्यात बसला. कवेलू फुटतात, माती वाहून जाते, सागवान मात्र तसंच राहतं.

ढोरं कमी झाली त्याचा परिणाम रानावरही झाला असं मला वाटतं. थोड्या ढोरांची रोजची चराई एकाच जवळच्या तुकड्यावर येते, तिथलं चांगलं गवत संपतं. लांबचा तुकडा कुणी बघत नाही, तिथे रायमुनिया (घाणेरी) माजते. एकीकडे उघडी जमीन, दुसरीकडे डुकराला लपायला दाट जाळी. रिकामा कोठा आणि खाल्लेली तूर या मला एकाच गोष्टीच्या दोन बाजू दिसतात.

लाकूड निवडताना

जुनं सागवान चांगलं म्हणजे सगळंच चांगलं असं नाही. मी आणि गावचे एक वयस्क सुतारकाका मिळून लाकडाची वर्गवारी करतो, ती पद्धत अशी:

1. खांबाचा खालचा एक-दीड फूट भाग सरळ कापून टाकावा. कोठ्यात तिथे वर्षानुवर्षे शेण-मूत आणि ओल असते. वरून धड दिसला तरी आतून तो भुसभुशीत असतो.

2. हातोडीने ठोकून पाहावं. खणखणीत आवाज आला तर आत भरीव. बद्द आवाज आला तर उधळी किंवा पोकळी.

3. गाभा आणि बाहेरचा पांढरा भाग वेगळा ओळखावा. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, म्हणून उधळी त्याला सहसा लागत नाही. पांढऱ्या भागात ती नसतात. तो तासून काढला तरी चालतो.

4. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. सहज आत गेलं तर तो तुकडा चुलीसाठी.

5. जुने खिळे जंबूराने काढावेत. तुटून आत राहिलेले डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक लाकडावरून फिरवलं की सापडतात. एक खिळा राहिला तरी करवतीचे दात जातात, आणि आरायंत्रावर तर माणसाला इजा होते.

6. जुनी कुसवाची भोकं आणि खाचा खडूने खुणावून ठेवाव्यात. याचं कारण पुढच्या भागात येतं.

जुन्या लाकडाचा एक मोठा फायदा आहे. ते वर्षानुवर्षे वाळलेलं असतं. ताजं लाकूड वाळताना आकसतं, पिळतं, बोल्ट ढिले पडतात. कोठ्याच्या मयालाचं जे काय वाकायचं ते आपल्या आज्याच्या काळातच वाकून झालेलं असतं.

एक सूचना. साग तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग तो आपल्या धुऱ्यावरचा असला तरी. जुनं लाकूड दुसऱ्या गावाहून आणायचं असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारावं, आणि कोठा पाडल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला व फोटो जवळ ठेवावा. रस्त्यात गाडी अडवली की जुनं-नवं समजावत बसावं लागत नाही.

आता थोडं गणित

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स ज्यांना परीक्षेपुरतं आठवतं त्यांच्यासाठी हा भाग खास.

मचाण साधारण सहा फूट बाय पाच फूट धरू. दोन मुख्य मयाल, प्रत्येकाचा गाळा 1.8 मीटर. वर दोन माणसं म्हणजे 150 किलो, फळ्या-छपराचे 80, सामान 20. एकूण 250 किलो. रात्री दचकून उठणारा माणूस हळू उठत नाही, म्हणून दुप्पट धरू: 500 किलो. एका मयालावर 250 किलो, म्हणजे जवळजवळ 2500 न्यूटन. सगळं वजन मधोमध आलं असं वाईटात वाईट धरलं तर

बेंडिंग मोमेंट = 2500 × 1800 ÷ 4 = 11,25,000 न्यूटन-मिमी.

आयएस 883 मध्ये साग मधल्या गटात येतो. त्या गटाला वाकण्याचा ताण निदान 12 न्यूटन प्रति चौरस मिमी चालतो. पण आपलं लाकूड जुनं, भोकं पडलेलं, ग्रेडिंग न झालेलं. म्हणून मी निम्माच धरतो: 6.

तीन बाय चार इंची (75 × 100 मिमी) मयाल घेतला तर सेक्शन मॉड्युलस 1,25,000 घन मिमी आणि ताण 9 येतो. नापास. तीन बाय पाच इंची (75 × 125) उभा ठेवला तर मॉड्युलस सुमारे 1,95,000 आणि ताण 5.8. पास. आता हाच तीन बाय पाचचा मयाल आडवा टाकला तर? मॉड्युलस 1,17,000 वर उतरतो, ताण 9.6. म्हणजे तेच लाकूड, तेवढंच वजन, पण आडवं टाकलं की चार इंची मयालापेक्षाही कमजोर. गावात बरेच मचाण मी असे पाहिले आहेत की मयाल आडवा टाकलेला, कारण तसा तो पटकन 'बसतो' आणि डगमगत नाही. उभा ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी ठोकळे मारून घट्ट करावा.

आता खडूच्या खुणांचं कारण. मयाल वाकतो तेव्हा खालची कड ताणली जाते, आणि मधोमध सगळ्यात जास्त. जुनं भोक किंवा खाच तिथे आली तर भेग तिथूनच सुरू होणार. म्हणून मयाल असा फिरवून लावावा की मधल्या एक-तृतीयांश भागाच्या खालच्या कडेला एकही खाच राहणार नाही. मोठी गाठ असेल तर ती वरच्या बाजूला ठेवावी.

मचाण झाल्यावर त्यावर लगेच चढू नये. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून 50-50 किलोची दहा पोती मधोमध रचावीत आणि एक रात्र तशीच ठेवावीत. खाली कुणी उभं राहू नये. गणिताने मयाल मधे अडीच मिमीच्या आसपास झुकायला हवा. साडेसात मिमीपर्यंत (गाळ्याचा 240 वा भाग) चालेल. पोती काढल्यावर तो परत सरळ झाला पाहिजे. झाला नाही तर तो मयाल बदलावा, दुसरा इलाज नाही.

पाय, कैची आणि वीज

मचाण बहुधा मयाल मोडून पडत नाही, पाय फाकून किंवा एका अंगाला झुकून पडतो. आमची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात नुसता खांब गाडला तर दोन वर्षांत तो तिरपा होतो आणि जमिनीलगत कुजतो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, त्यात दगडी किंवा सिमेंटचा तळखडा बसवावा आणि खांब लोखंडी पट्टीने तळखड्याला बोल्ट करावा. खांबाचं टोक जमिनीपासून चार बोटं वर राहू द्यावं. जुन्या वाड्यात खांब दगडावर का उभे असत, त्याचं उत्तर हेच.

चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांची कैची हवीच. चौकोन ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. बांबू चालेल, पण दोरीने बांधलेला नको, बोल्टने आवळलेला हवा. शिडी पक्की, पायऱ्या सारख्या अंतरावर, आणि वर तीन बाजूंना कमरेएवढा कठडा. डोळ्यावर झोप असलेला माणूस तिथे चढ-उतर करणार आहे, हे लक्षात ठेवून करावं. लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल दिलं की पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोकळ्या शेतातला मचाण म्हणजे आजूबाजूला सगळ्यात उंच वस्तू. विदर्भात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं जातात. ढग गडगडायला लागले की पीक गेलं तरी चालेल, पण खाली उतरून पक्क्या घरात यायचं. झाडाखाली जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्यावं. घरच्यांना ते टाकून देणं हे आपल्यासारख्यांचं काम.

तारेचा मोह

'एवढा खटाटोप कशाला, तारेत लाईन सोडली की झालं,' असं म्हणणारे भेटतात. त्यांना आमच्या शेजारच्या तालुक्यातली गोष्ट सांगावी. जुलै 2017 मध्ये ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक तरुण वाघीण रेडिओ कॉलर लावून बोरमध्ये सोडली होती. माणसांवर हल्ले झाल्यावर तिला मारण्याचा आदेश निघाला. वनखातं, नेमबाज, सगळे मागे होते आणि ती शेकडो किलोमीटर फिरत राहिली. शेवटी ऑक्टोबर 2017 मध्ये कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीच्या शिवारात ती मेली ती गोळीने नाही, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने. जी तार वाघिणीला मारते ती ओलितासाठी अंधारात निघालेल्या शेजाऱ्यालाही मारते. आणि असं करणं गुन्हा आहे.

सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. घरातली 230 व्होल्टची वीज सतत वाहते. स्नायू आकसतात, हात सुटत नाही, आणि हृदयातून काही दहा-वीस मिलिअँपियरपेक्षा जास्त प्रवाह गेला तर धोका सुरू होतो. सौर कुंपणाचं यंत्र हजारो व्होल्टचा झटका देतं, पण तो मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ आणि सेकंदाला साधारण एकदाच. आंतरराष्ट्रीय मानकात एका झटक्याची ऊर्जा 5 जूलपर्यंत मर्यादित आहे. मधल्या वेळात हात सुटतो. जनावर दचकतं, मरत नाही. म्हणून 'व्होल्ट जास्त म्हणजे जास्त धोका' हे अर्धवट ज्ञान गावात दुरुस्त करायला हवं. मात्र यंत्र प्रमाणित कंपनीचंच घ्यावं, घरी जोडलेलं नको.

रोही आणि रानडुक्कर दोघेही कायद्याच्या अनुसूचीत आहेत. पीक खातात म्हणून परस्पर मारता येत नाहीत. कायद्याच्या कलम 11 खाली अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच ते होऊ शकतं. नुकसान झालं तर शक्यतो दुसऱ्याच दिवशी वनखात्याकडे अर्ज द्यावा, फोटो काढावे, आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवावं.

धुऱ्यापलीकडे

मचाण आज रात्रीचं पीक वाचवतो. पुढच्या पाच वर्षांचं वाचवायचं तर जमिनीकडे वळावं लागतं. अमेरिकेतला शिकारी जनावर आपल्या जमिनीत यावं म्हणून जे करतो, तेच आपण जनावर आपल्या शेतात येऊ नये म्हणून पलीकडे करायचं.

आधी पाहणी. रोही ठराविक जागी लेंड्या टाकतो, तिथे ढीग होतात. डुकराची वाट नाल्याकाठून ठरलेली असते. दोन-तीन सकाळी फिरून या खुणा कागदावर काढल्या की जागल कुठे आणि कुंपण कुठे ते कळतं. सगळं शेत राखायची गरज पडत नाही.

मग रायमुनिया. नुसती कापली तर ती दुप्पट फुटते. खोडाच्या बुडाशी, मुळाच्या गड्ड्याखाली कुदळ घालून ती उपटून उलटी टाकावी लागते, आणि त्याच पावसात त्या जागी गवताचं बी पडलं पाहिजे. मारवेल, शेडा, पवन्या ही आपल्याकडची चांगली गवतं. फार चराई झाली की ती जातात आणि कुसळी उरते. पहिला पावसाळा तुकडा बंद ठेवावा, बी झडल्यावर गवत कापून न्यावं. ढोरांना चारा मिळतो, रोह्याला तिथेच खायला मिळतं, आणि डुकराची लपण जाते. पलीकडच्या बाजूला एक लहान पाणवठा असला तर पाण्यासाठी शेत ओलांडायची गरज कमी होते. धुऱ्यावर सागरगोटा, करवंद, निवडुंग यांची जिवंत वई, चन्याभोवती काटेरी करडईच्या ओळी, मक्याभोवती एरंडी. यातलं बरंचसं आपल्या आज्यांना माहीत होतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. अकोला जिल्ह्यातल्या वडाळा गावात फासेपारधी समाजाने 'संवेदना' संस्थेच्या सोबतीने गवताळ माळ राखला आहे. पिढ्यान्‌पिढ्या फास लावून तितर-बटेर धरणारे हे लोक. कोणतं गवत कधी बी धरतं, तणमोर कुठे उतरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदेशीरपणे 1952 साली पुसला. समाजाच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. शिकारीसाठी मिळवलेलं ज्ञान त्यांनी माळ वाचवायला वापरलं. आपल्या गावचं चराऊ रान सुधारायचं तर अशा माणसांना सल्ला विचारायला जावं, आणि त्याचा मोबदलाही द्यावा.

आमच्या शेतातला मचाण गेले दोन हंगाम उभा आहे. भाऊ त्यावर बसतो. पिकाचं नुकसान थांबलं असं मी म्हणणार नाही, कमी झालं आहे. पण घरच्यांना आता एक भीती नाही की खालून पाय निसटेल. धुऱ्यापलीकडचा तुकडा गावाने मिळून घ्यायचा असं ग्रामसभेत बोलणं चालू आहे. ते बोलणं पुढे न्यायला नकाशा, अंदाजपत्रक आणि अर्ज लिहिणारं कुणीतरी लागतं, आणि ते आपल्याला येतं.

येत्या सुट्टीत घरी गेलात तर आपल्या गावातले पडलेले कोठे मोजा, एखादा मयाल ठोकून पाहा, आणि एक रात्र जागलीला जाऊन बसा. काही अडलं तर होस्टेलवर या, कागद-पेन्सिल घेऊन बसू.

— एक तळेगावकर, तृतीय वर्ष, स्थापत्य